दोन चाकांची देवणी

आमच्या धंद्यात गायींच्या जातींचे तीन खण असतात. दुधाच्या, ओढकामाच्या आणि दुहेरी उपयोगाच्या. गीर दुधाची, आमच्याकडची खिल्लार ओढकामाची आणि मराठवाड्यातली देवणी दुहेरी. देवणी गाय बऱ्यापैकी दूध देते आणि तिचा गोऱ्हा औताला चांगला चालतो. जनावरांच्या डॉक्टरकीच्या पदविकेला असताना हे पाठ करून घेणाऱ्या सरांनी सोबत एवढंच बजावलं होतं, की दुहेरी म्हणजे दोन्हीकडं पहिला नंबर नव्हे. गीरएवढी धार तिच्याकडून मागायची नाही आणि खिल्लारासारखी धावही मागायची नाही.

पंचवीस वर्षांनी मोटरसायकल घ्यायला निघालो तेव्हा ते बोलणं आठवायला मला सात महिने आणि एक आपटी लागली.

मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. कागदावर पर्यवेक्षक, गावात डॉक्टर. रोजची गाडी म्हणजे २०११ सालची स्प्लेंडर. तिनं मला ढेबेवाडी, मोरगिरी, चाफळ या खोऱ्यांतल्या बहुतेक गोठ्यांपर्यंत नेलंय. आडलेल्या गायीकडं रात्री दोनला जाताना पाणंदीतल्या चिखलातही ती कधी नाही म्हणाली नाही. पण डबल सीट, वर सामान आणि समोर पाच हजार किलोमीटर, हे तिला सांगायची मला लाज वाटली असती.

पाच हजारांचं कारण बायको. तिच्या आईनं बसनं नर्मदा परिक्रमा केली होती, आणि हिच्या डोक्यात तेव्हापासून होतं की आपण करायची, पण बसनं नाही. वाहनानं केली तरी नेम तोच. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची, मध्येच पात्र ओलांडायचं नाही आणि चातुर्मासात निघायचं नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं बडवानी करत समुद्राकडं, मग उत्तर तटानं भरूच, महेश्वर, थेट अमरकंटक आणि पुन्हा खाली नर्मदापुरम. रस्त्यानं हे तीन-साडेतीन हजार किलोमीटर भरतं. पाटणहून ओंकारेश्वरला जाऊन-येऊन आणखी दीड हजार.

पैसे तिच्या पतसंस्थेतल्या ठेवीचे, म्हणून अटही तिची होती. "पावणेतीन लाखांत सगळं बसवायचं. हेल्मेटपासून पहिल्या टाकीपर्यंत. आणि मागं मी बसणार आहे, तेव्हा मला विचारल्याशिवाय बुकिंग करायचं नाही, अहो." या दुसऱ्या अटीकडं मी सुरुवातीला काणाडोळा केला. पुढं ती महागात पडली.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी एक शहाणपणाची गोष्ट केली, बहुधा या सगळ्या प्रकरणातली एकमेव. खिशातल्या डायरीत महिनाभर रोजचा रस्ता लिहून काढला. डांबर किती, खडी-मुरूम किती, निव्वळ माती-चिखल किती. एकूण बाराशे किलोमीटर भरले. त्यातलं डांबर होतं १,०८५. खडी-मुरूम ८० आणि खरा चिखल ३५. मी जन्मभर स्वतःला कच्च्या रस्त्याचा माणूस समजत आलो होतो, आणि हिशेब सांगत होता की मी शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर असतो. परिक्रमा करून आलेल्या दोघा-तिघांना विचारलं, तर त्यांचंही तेच. मोठे रस्ते चांगले आहेत, पण मुक्कामाचे आश्रम आणि स्नानाचे घाट हे शेवटच्या दोन किलोमीटरवर असतात, आणि ते दोन किलोमीटर काळ्या मातीचे. पाऊस चुकून पडला तर चाकाला माती अशी बिलगते की मडगार्डखाली चाक फिरत नाही.

म्हणजे मला दुहेरी गाडी हवी होती, पण नव्वद भाग दुधाची आणि दहा भाग औताची. हे फेब्रुवारीत कळलं होतं. तरी मी मार्च ते जुलै हिमालयनच्या मागं लागलो, कारण ती दिसते छान.

रॉयल एनफिल्डची ही गाडी २०१६ साली आली. ४११ सीसीचं इंजिन, पुढं २१ इंची तारांचं चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच पोट, १५ लिटरची टाकी. त्याआधी आपल्याकडं अशी गाडी म्हणजे हिरोची इम्पल्स, २०११ ची, दीडशे सीसीची. काळाच्या आधी आली आणि बिचारी फार चालली नाही. हिमालयननं मात्र डोंगरात जायची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, हे मान्य करायला हवं. २०२३ च्या शेवटी तिची जागा ४५२ सीसीच्या नव्या हिमालयननं घेतली. पाण्यानं थंड होणारं इंजिन, ४० पीएस ताकद, पण किंमत बायकोच्या ठेवीच्या पलीकडं. म्हणून माझा डोळा जुन्या ४११ वर, सेकंडहँडवर होता.

माझ्यासाठी तिची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे सीटची उंची फक्त ८०० मिलिमीटर. मी पाच फूट चार इंच. या प्रकारच्या बाकी गाड्यांवर बसलो की माझे पाय भिंतीवर बसवलेल्या पोरासारखे लोंबतात. हिमालयनवर दोन्ही पाय टेकले, आणि मला वाटलं झालं काम.

जुलैत मित्राची ४११ दोन दिवसांसाठी मागून आणली आणि सडावाघापूरच्या पठारावर गेलो. उलटा धबधबा बघायला येणाऱ्यांची गर्दी शनिवार-रविवारी असते, मी मंगळवारी गेलो. ढग जमिनीवर उतरलेले, जांभ्यावर लाल चिखलाचा पातळ थर, पवनचक्कीचं पातं वरून कुठूनतरी आवाज करतंय पण दिसत नाही. एका वाटेवर पुढं जायला नको वाटलं म्हणून गाडी वळवायला घेतली. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. उजवा पाय टेकायला खाली सोडला आणि जिथं जमीन असायला हवी होती तिथं ती वीतभर खाली होती.

गाडी पडली असं म्हणवत नाही. बसली. थकलेली म्हैस बसते तशी, सावकाश आणि ठाम.

किल्ली बंद केली, हँडल धरलं आणि वर ओढलं. गाडी १९९ किलोची. माझी स्प्लेंडर ११० च्या आसपास, ती पडली तर मी एका हातानं उभी करतो आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली असते. इथं गाडी चार बोटं उचलली जायची आणि बूट चिखलात मागं सरकायचे. तीनदा केलं. चौथ्यांदा पाठीत कळ आली. पेट्रोलचा वास यायला लागला होता.

ढगातून एक म्हातारा आला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, मागं पाच-सहा म्हशी. त्यानं मला ओळखलं, हे त्या दिवशीचं दुर्दैव.

"काय डॉक्टर, म्हस उठवता अन् गाडी उठंना व्हय?"

"जड हाय ओ."

"म्होरनं कशापायी वढताय? जनावर कधी म्होरनं उठतंय का? मागनं उठवा की."

गाय-म्हैस उठताना आधी मागचा भाग उचलते आणि मग पुढचे गुडघे सोडते, हे मी शेतकऱ्यांना शेकडो वेळा सांगितलंय. बसकण मारलेलं जनावर तोंडाला धरून ओढू नका, शेपटीच्या मुळाशी आणि चौकाला, म्हणजे पुठ्ठ्याच्या हाडांना, आधार द्या. आणि मी स्वतः हँडलाला लोंबत होतो. मग आम्ही नीट केलं. गाडी उजवीकडं पडली होती म्हणून आधी डावीकडचं साइड स्टँड बाहेर काढलं, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडं कोसळायला नको. गिअरमध्ये टाकली, म्हणजे चाक फिरायला नको. हँडल जमिनीकडं पूर्ण वळवलं. मग गाडीकडं पाठ करून सीटला ढुंगण लावलं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठ ताठ ठेवून फक्त पायांनी, बारीक बारीक पावलं टाकत मागं रेटत गेलो. म्हातारा मागच्या बाजूनं. गाडी उठली.

"नवी घेताय व्हय?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मंग वाईच बारकी बघा," म्हणाला आणि म्हशींमागं गेला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच हिशेब. इथं म्हातारा होता. ओंकारेश्वरच्या पुढं संध्याकाळी सहाला कोण असेल? आणि ही रिकामी गाडी होती, अजून सामान लादायचं होतं. सीट कितीही बुटकी असली तरी उताराला पाय खाली पोचत नाहीच, आणि एकदा कलली की ८०० मिलिमीटर कामाला येत नाहीत, १९९ किलो तेवढे आडवे येतात. तेव्हापासून मी कागदावरचे सीसी आणि पीएस बघायचं सोडलं. गाडीवाल्याला पहिला प्रश्न विचारायचो, आडवी पाडून उचलून बघू का? दोघांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी माझ्याकडं बघितलं.

तरी हिमालयनचा नाद सुटायला आणखी एक धडा लागला. एका दलालाकडं २०१९ ची एक गाडी होती, मीटरवर १४ हजार किलोमीटर, किंमत मोह पडावा अशी. मी गेलो आणि सवयीप्रमाणं आधी दात बघितले. बाजारात जनावराचं वय मालकाच्या तोंडून ऐकायचं नसतं, जनावराच्या तोंडात बघायचं असतं. आदत म्हणजे दुधाच्या दातांचं आहे, दोन दाती आहे की जुळलेलं, म्हणजे सगळे दात आलेलं आहे. शिंगांवरची वलयं मोजली तर गायीची वेतं कळतात, म्हणून पुसेगावच्या जत्रेतसुद्धा शिंगं तासून तेल लावून आणणारे भेटतात. मोटरसायकलचे दात म्हणजे पाय ठेवायची रबरं, ब्रेकच्या पायट्याची कड, हँडलच्या मुठी आणि टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीचे दोन्ही टायर २०२३ चे निघाले. चेन-स्प्रॉकेटही नवं. १४ हजारांत मागचा टायर गेला म्हणावं तर एखाद वेळ पटेल, पण पुढचाही? ब्रेकच्या पायट्यावरच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या, माझ्या दीड लाख चाललेल्या स्प्लेंडरसारख्या. हँडल डावी-उजवीकडं सावकाश फिरवलं तर बरोबर मधोमध किंचित अडकायचं, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. वर आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला नाही, गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही नाही. "ते आपण करून देऊ की, डॉक्टर." शिंगं तासलेली होती. मी चहा पिऊन उठलो.

ऑगस्टमध्ये भाच्याची एक्सपल्स २०० चालवली. आणि खरं सांगतो, नुसतं माझं एकट्याचं असतं तर मी तिथंच थांबलो असतो. हिरोची ही गाडी २०१९ ला आली तेव्हा एक लाखाच्या आत होती. भाच्याची चार व्हॉल्व्हची, १९ पीएसची. वजन १५८ किलो. पुढं २१, मागं १८ इंची चाक. सीट ८२५ मिलिमीटर, पण गाडी अरुंद आणि स्प्रिंग मऊ, त्यामुळं बसलं की चांगली दबते. शेतात गवतावर आडवी पाडली आणि पाठ लावून एकट्यानं उठवली. दोनदा. भाचा तोंड फिरवून उभा होता, त्याला बघवत नव्हतं. पाणंदीत तर ती अशी गेली की मला वाटलं पंधरा वर्षं आपण स्प्लेंडरवर उगाच मणके झिजवले. आमच्या मेकॅनिकचंही मत पडलं, "डॉक्टर, जिथं स्प्लेंडरचं दुकान तिथं हिचं दुकान. मध्य प्रदेशात कुठंबी थांबा." हे खोटं नाही. लांबच्या वाटेवर ताकदीपेक्षा क्लच केबल मिळणं महत्त्वाचं ठरू शकतं.

मग मी दुसरी अट आठवून बायकोला मागं बसवलं आणि कराडहून कोल्हापूरला निघालो. सत्तर किलोमीटर. ऐंशीच्या वेगापर्यंत सगळं आलबेल. पण महामार्गावर ट्रक ओलांडायला नव्वदच्या पुढं जायचं तर दोन माणसांचं ओझं घेऊन दोनशे सीसीची ती गाडी धापा टाकायला लागायची. मूठ पिळलेली, आवाज वाढलेला, ट्रक तिथंच. कोल्हापुरात उतरल्यावर ही काही बोलली नाही. रंकाळ्यावर भेळ खाल्ली. मग म्हणाली, "गाडी चांगली आहे. तुम्ही एकट्यानं जा."

तिचं म्हणणं नंतर सविस्तर कळलं आणि ते मी कुठल्याच तुलनेत वाचलं नव्हतं. मागची सीट पुढं उतरती आहे, त्यामुळं प्रत्येक ब्रेकला ती माझ्यावर घसरते. गुडघे जास्त दुमडतात. धरायची दांडी इतकी मागं आहे की हात पाठीमागं नेऊन बसावं लागतं. "पाच हजार किलोमीटर मी अशी अपराध्यासारखी हात मागं बांधून येणार नाही." गाड्यांबद्दल लिहिणारे बहुतेक एकटे फिरत असावेत.

एक्सपल्सची नवी २१०, त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेली, तीही बघितली. पाण्यानं थंड होणारं इंजिन, सहा गिअर, साडेचोवीस पीएस. ट्रक ओलांडायची चिंता मिटली असती. पण चाकं तारांची आणि ट्यूबची. मागच्या चाकाचं पंक्चर म्हणजे चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब बाहेर काढा. सामान लादलेल्या गाडीवर, रस्त्याच्या कडेला, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी. तारांचं चाक दगडावर आपटलं तर वाकतं आणि ठोकून सरळ होतं, अलॉयचं तडकतं, हे खरं. पण माझे दगड शंभरात दहा, आणि खिळे सगळीकडं. ट्यूबलेसला मी पाच मिनिटांत भोकात रबरी वात भरतो आणि निघतो.

केटीएमच्या २५० वर एकदा बसलो. २०२० सालची होती, सीट ८५५ मिलिमीटर. मी मुद्दाम गमबूट घालून गेलो होतो, तरी फक्त चवडे टेकले. एझ्दीची ॲडव्हेंचर वजनाला हिमालयनचीच बहीण, तिच्या वाटेला गेलोच नाही.

राहिली सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. २०२२ ची गाडी, २४९ सीसी, २६.५ पीएस, तेलानं थंड होणारं इंजिन, पुढं १९ आणि मागं १७ इंची अलॉय, टायर ट्यूबलेस. वजन १६७ किलो. दिसायला बदकासारखी चोच. मातीतले खरे खेळाडू हिला नाकं मुरडतात. जमिनीपासून पोट २०५ मिलिमीटरच, एबीएस, म्हणजे ब्रेकला चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करायची सोय नाही, त्यामुळं सुट्या खडीच्या उतारावर ब्रेक दाबला की ते आपल्या मनानं सोडत-पकडत राहतं. हे मी अनुभवलं आणि सवय होईपर्यंत घाम फुटला. पण महामार्गावर डबल सीट नव्वदनं ती गप्प चालते आणि आणखी मागितलं तर देते. मागची सीट रुंद, दांडी हाताशी. ही वीस किलोमीटर बसली आणि उतरून म्हणाली, "हिच्यावर डुलकी लागेल." याहून मोठं प्रमाणपत्र ती देत नाही.

अडचण एकच, सीट ८३५ मिलिमीटर. महिनाभर मी "बुटका माणूस, बुटकी गाडी" हा मंत्र जपत होतो, आणि आता मला उंच गाडी आवडली होती. पण सडावाघापूरनं एक शिकवलं होतं. दोन पाय सपाट टेकणारी जड गाडी आणि एक पाय टेकणारी हलकी गाडी यांत मला दुसरी झेपते. थांबताना बूड किंचित डावीकडं सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. घोड्यावर कुणी दोन्ही पाय टेकत नाही. दोन दिवसांत सवय झाली.

बुकिंग करणार तोच स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि सगळा बाजार थांबला. शोरूममध्ये माशा. ३ सप्टेंबरला निर्णय आला की ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. लागू कधी, तर २२ सप्टेंबरपासून, नेमकी घटस्थापना. म्हणजे जी नवी हिमालयन मला आधीच परवडत नव्हती ती आणखी वीसेक हजारांनी दूर गेली आणि माझी गाडी सतरा-अठरा हजारांनी जवळ आली. आयुष्यात पहिल्यांदा आळसाचे पैसे मिळाले.

सीसीची ही रेघ इतर ठिकाणीही बोचते, ते कोटेशन हातात घेतल्यावर कळतं. महाराष्ट्रात रस्ता कर १०० ते ३०० सीसीला ११ टक्के, वर १२. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, अधिक त्यावरचा कर. जाहिरातीतली किंमत आणि गाडी घराच्या दारात आल्याची किंमत यांत चाळीस हजारांचं अंतर सहज पडतं. मला दिलेल्या कोटेशनमध्ये वर "हाताळणी खर्च" म्हणून एक ओळ होती. मी विचारलं, कोण हाताळतंय? ओळ गेली. विमाही त्यांच्याचकडून घ्यायची सक्ती नसते. बाहेरून कोटेशन काढून दाखवलं, तर त्यांचा आकडा तीन हजारांनी उतरला. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, त्यापेक्षा हे सोपं होतं. इथं निदान आकडे छापलेले असतात.

दसऱ्याला गाडी घरी आली. दोन लाख ३८ हजार. आईनं लिंबू चाकाखाली ठेवलं, मी त्यावरून नेली आणि पुढच्याच आठवड्यात कराडला सीटवाल्याकडं गेलो. हा माणूस रिक्षांच्या सीट शिवतो. त्याला म्हटलं इंचभर कापायचंय. त्यानं आधी मला गाडीवर बसवलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला खडूनं खुणा केल्या आणि म्हणाला, "उंची कशाला कापायची? तुमची मांडी रुंदीनं अडते." वरून त्यानं जेमतेम अर्धा इंच तासला, पण दोन्ही कडा चांगल्या उतरत्या केल्या. करवतीच्या पात्यानं फोम कापतो, मग पॉलिशच्या चाकानं घासतो. पिवळा भुसा सगळ्या दुकानभर. वर जुनंच कव्हर ताणून स्टेपल मारले. आठशे रुपये. पाय सरळ खाली जायला लागले तेव्हा टाच टेकायला फक्त दोन बोटं राहिली होती.

आनंद फार टिकला नाही. मागं बायको आणि सामान घ्यायचं तर मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवावा लागतो, नाहीतर खड्ड्यात गाडी बूड टेकते. ताण वाढवला की दोघं बसल्यावर उंची बरोबर. पण ही उतरली, की हलकी झालेली गाडी तरारून वर येते आणि मी एकटा पुन्हा चवड्यांवर. यावर उपाय सापडलेला नाही. आता आमचा नियम असा की आधी मी थांबणार, कठड्याच्या किंवा दगडाच्या बाजूला, मग ती उतरणार. पहिल्यांदा ती न सांगता उतरली होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

हजार किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग उरकून दिवाळीत सराव केला. कुंभार्ली घाटानं चिपळूण, गुहागर, धोपाव्याहून फेरीबोटीनं पलीकडं दाभोळ, दापोली आणि परत. बोटीत गाडी चढवताना लोखंडी फळीवर ओली रेती होती, तिथं १९ इंची चाक आणि डावा पाय, दोघांनीही काम केलं. ॲव्हरेज ३५ च्या आसपास पडलं, म्हणजे बारा लिटरची टाकी चारशेला पोचते, पण मी तीनशेलाच भरणार आहे. कोकणातल्या त्या तीन दिवसांत तक्रार एकच आली. सीटचा मूळ फोम कडक आहे, दीड तासानं उठावंसं वाटतं. हिला अजून डुलकी लागलेली नाही.

कार्तिकी झाली की निघायचं. काल सगळं सामान बांधून पशुखाद्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवलं. ३१ किलो. मग मागच्या शेतात लादलेली गाडी आडवी पाडली आणि पाठ लावली. उठली नाही. सामान उतरवून घेतलं आणि पुन्हा लावली, उठली. बायको पायरीवर बसून बघत होती. "म्हणजे पडली की आधी सगळं सोडायचं, मग उचलायचं, मग परत बांधायचं?" असं विचारून ती उठली आणि दोन्ही बॅगा अंगणात उपड्या केल्या.

तिच्या बाजूनं तवा, पोळपाट आणि पितळेचा डबा गेला. माझ्या बाजूनं दुसरा पाना, जाड दोरखंड आणि गमबूट. मग तिच्या हाताला माझी कातडी पिशवी लागली. थर्मामीटर, दोन सुया, गोडेतेलाची बाटली आणि ट्रोकार, म्हणजे पोट फुगलेल्या गायीच्या डाव्या भकाळीत घालून वायू काढायची नळी. "हे कशाला?" वाटेत एखादी गाय फुगलेली दिसली तर, मी म्हटलं. तिनं पिशवी उचलून दिवाणावर ठेवली.

आज सकाळी पुन्हा वजन केलं. २२ किलो ४०० ग्रॅम. ट्रोकार मी सीटखाली टूलकिटच्या कापडात गुंडाळलाय, काट्यावर तो आलाच नाही.